फिलिमोनेच्या बाप्तिस्म्याची नोंद

लुसेआनेच्या आईचं नाव चर्चच्या यादीतून खोडलं, तेव्हा लुसेआने अकरा वर्षांची होती. हाआपाई बेटांवरच्या त्यांच्या गावात रविवारी सगळे पांढरे कपडे घालून बसले होते. भजन संपलं, आणि चर्चचा कारभारी उभा राहिला. खिशातून कागद काढून त्याने वाचला, की सिओसाइआची विधवा मेलेनाइते ही खोबरं न्यायला येणाऱ्या बोटीवरच्या माणसाबरोबर दिसली, सबब तिचं नाव कमी करण्यात येत आहे. कारभारी परका नव्हता. तिच्या बुडून मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ होता तो, फिलिमोने.

बोटीवरचा माणूस खरा होता. त्याने मेलेनाइतेकडून दोन टोपल्या कंद विकत घेतले होते, तिच्या दारात उभं राहून, भर दुपारी. तेवढंच.

पण विधवेच्या नावाला असा डाग लागला, की नवऱ्याची जमीन तिच्याकडे राहत नाही. फिलिमोनेच तिला म्हणाला, "मेलेनाइते, झालं ते झालं. पोरीच्या नावाचा अर्ज मी टाकतो. तू कशाला कचेरीच्या पायऱ्या झिजवतेस?" अर्ज त्याने टाकला. त्यावर नाव पोरीचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. हे कळलं तेव्हा त्याची डुकरं मेलेनाइतेच्या कंदाच्या वाफ्यांत चरत होती.

मायलेकी बोटीने राजधानीत, नुकुआलोफाला आल्या आणि एका लांबच्या बहिणीच्या पडवीत राहिल्या. मेलेनाइते लोकांसाठी झाडाची साल कुटून कापड करायची. दिवसभर लाकडी मोगरीचा आवाज, आणि त्याच्या मध्येमध्ये तिचा खोकला. सात वर्षांनी खोकला थांबला, मोगरीही थांबली. पुरायच्या वेळी पाद्र्याने विचारलं, "बाई कुठल्या चर्चच्या यादीत आहेत?" "कुठल्याच नाही," ती लांबची बहीण म्हणाली. यादीत नाव नसलेल्या माणसासाठी त्या चर्चची घंटा वाजत नसे. ती वाजली नाही.

लुसेआने त्या दिवशी रडली नाही. अठरा वर्षांची पोर, दोन्ही हातांनी माती लोटत होती आणि मनात एकच माणूस घोळवत होती.

पोटासाठी ती चर्चच्या कचेरीत झाडलोट करू लागली. काही वर्षांनी परदेशातून माणसं आली. बेटाबेटांवरच्या जुन्या नोंदवह्यांचे त्यांना फोटो काढून ठेवायचे होते, वाळवीने खाण्याआधी. जुन्या पाद्र्यांचं वळणदार अक्षर कुणाला लागेना. लुसेआने केरसुणी हातात धरून मागून बघत होती, ती म्हणाली, "ते 'पुरलं' नाही, 'लग्न लावलं' आहे." सगळे वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवसापासून ती पानं उलटायला बसली आणि दोन वर्षं उलटत राहिली. फोटोवाले गेले तरी ती त्या खोलीत राहिली, आणि पुढे खोलीच तिच्या ताब्यात आली.

मग लोक यायला लागले. कुणाला ऑकलंडला जायचं असायचं आणि जन्माचा दाखला हवा असायचा. कुणाचं जमिनीचं भांडण. एखादी म्हातारी नुसतं आजीचं नाव ऐकायला यायची, ऐकून डोळे पुसायची आणि जाताना केळ्याच्या पानात बांधलेली मासळी ठेवून जायची. लुसेआने प्रत्येकाचं काम मनापासून करायची. बाप्तिस्मा, लग्न, दफन या तीन ओळींत माणूस मावतो, आणि एक ओळ सापडली की तिच्या धाग्याने दुसरी सापडते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टायपिंग करणारी मोआना म्हणायची, "तुला मेलेली माणसं बोलावतात गं." लुसेआने हसायची. मेलेल्यांशी तिचं भांडण नव्हतं.

हाआपाईच्या वह्या उलटताना तिला आपलं घर सापडलं होतं. आजोबा मोसेसे आणि आजी लेसिएली यांचं लग्न एकोणीसशे चोविसात. सिओसाइआचा, म्हणजे तिच्या वडिलांचा बाप्तिस्मा सत्तावीसचा, त्यानंतर दोन मुली. फिलिमोने कुठेच नव्हता. आणि फिलिमोने तर साऱ्या गावाला छाती काढून सांगायचा, "मी एकवीस सालचा, अजून नारळावर चढतो!"

तिने पुन्हा पाहिलं. चार वेळा पाहिलं. लहानपणी कधी न पडलेला प्रश्न तिला आता पडला. थोरला मुलगा धडधाकट असताना आजोबांनी जमीन धाकट्याच्या नावावर का केली? फिलिमोने तेव्हा जहाजावर खलाशी होता म्हणून, असं सगळे म्हणायचे. पण खलाशी परत येतात. आजोबा मात्र लग्नाच्या आधी कधीतरी दोन वर्षं दूर उत्तरेला निउआ बेटावर खोबऱ्याच्या कामाला होते, हे तिने आजीच्याच तोंडून ऐकलं होतं. निउआच्या वह्यांचे फोटो निघाले नव्हते. समुद्र खवळलेला म्हणून फोटोवाले तिथे उतरलेच नव्हते.

तिने वहीत खूण घातली आणि वाट बघितली. आपल्या मनाने तिकडे जाऊन वही मागितली असती तर लोक म्हणाले असते, ही सूड घेते आहे. ते खरंच होतं, पण लोकांनी म्हणायला नको होतं.

एकोणीसशे पंचाऐंशीच्या मे महिन्यात फिलिमोने तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

केस पांढरे, अंग अजून रुंद. चारचौघांत जाताना सगळेच कमरेला चटई बांधत, त्याची नवीकोरी, बारीक विणीची होती. मधल्या काळात लुसेआनेचं लग्न झालं होतं, टेबलावरच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव होतं. चोवीस वर्षांत त्याने तिला पाहिलं नव्हतं. तिने त्याला आवाजावरून ओळखलं.

"बाई, माझ्या बाप्तिस्म्याचा उतारा पाहिजे. जरा घाईचा आहे."

"सगळ्यांचाच घाईचा असतो, काका. बसा."

तिने त्याला दीड तास बसवलं. मग नाव विचारलं, जसं काही माहीतच नाही.

"आमचे चुलते सरदारांच्या वतीने बोलणारे मानकरी होते," तो मोठ्याने म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून. "ते वारले. त्यांना मूलबाळ नाही. आता त्यांच्या भावाचा थोरला मुलगा मी. मानकरीपण माझ्याकडे येतं. सरदारांच्या लोकांना कागद हवा, बास. एरवी कोण विचारतंय मला?"

"लग्नाच्या बायकोचा मुलगा लागतो ना मानकरी व्हायला?"

"म्हणजे काय! मी काय रस्त्यावर सापडलोय?" तो हसला. बाकावरचे दोघे हसले. लुसेआनेही हसली.

वही उघडून तिने बोट फिरवल्यासारखं केलं. "हाआपाईत तुमची नोंद दिसत नाही, काका. वादळात पानं जातात कधीकधी. इथे सही करा. मग मी सगळ्या बेटांच्या वह्या बघू शकते. तुमच्याच अर्जावरून."

त्याने ऐटीत सही केली. जाताना म्हणाला, "नीट शोध हं, पोरी. मान मिळाला की तुला एक डुक्कर पाठवतो."

तो दाराबाहेर गेल्यावर मोआनाने विचारलं, "काय गं, जहाजांचं वेळापत्रक कशाला काढलंस?"

"घाईचा अर्ज आहे," लुसेआने म्हणाली.

पुढच्या जहाजाने ती निउआला गेली. चार दिवस उलट्या करत गेली. तिथल्या पाद्र्याने खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली, वहीवरची झुरळं झटकली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तासाभरात तिला एकवीस साल सापडलं. फिलिमोने, मुलगा. आई सेला, अविवाहित. बाप मोसेसे, राहणार हाआपाई. खाली दुसऱ्या शाईत एक ओळ होती, मूल बापाच्या आईने नेलं.

तिने उतारा केला, पाद्र्याचा सही-शिक्का घेतला. आणि सवयच ती, हात पुढे चालत राहिला. सेलाचं लग्न शोधलं, नव्हतं. सेलाचं दफन शोधलं. ते मिळालं, तेव्हा लुसेआने बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसली. मग त्याचाही उतारा केला आणि वेगळ्या पाकिटात घातला.

सरदारांच्या घरी सगळे गोल बसले होते. लुसेआने उतारा बंद पाकिटात घेऊन आली होती. कावा, मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, कालवून तयार होता, पण कागद वाचल्याशिवाय वाटी फिरणार नव्हती. बाहेर फिलिमोनेची भाजलेली डुकरं, कंदांचे ढीग, चटयांच्या गुंडाळ्या मांडून ठेवल्या होत्या. त्याचा मुलगा लातू पाहुण्यांना शहाळी देत होता. सरदारांच्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या मानकऱ्याने उतारा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि लुसेआनेकडे दिला. "मला लागत नाही हे अक्षर. तूच वाच."

तिला थांबता आलं असतं. फिलिमोनेला काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, लेसिएलीला आई समजून जगलेला. बाजूला नेऊन कानात सांगितलं असतं तर तो पोटात दुखतंय म्हणून घरी गेला असता आणि अब्रू राहिली असती. लुसेआनेला तो रविवार आठवला. तिच्या आईला कुणी बाजूला नेलं नव्हतं.

तिने वाचलं. खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून. 'अविवाहित' हा शब्द तिने, ऐकू आला नसेल म्हणून, दोनदा वाचला.

"खोटं आहे!" फिलिमोने ओरडला. "कुणी शोधून काढलं हे? कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या, काका. ही तुमची सही."

सरदारांनी कागद पाहिला, सही पाहिली आणि मान हलवली. मानकरीपण त्या चुलत्यांच्या तिसऱ्या भावाच्या नातवाला गेलं. मांडलेली डुकरं परत नेता येत नाहीत. ती फिलिमोनेच्या डोळ्यांदेखत त्या नातवाच्या नावाने वाटली गेली.

सगळे उठायला लागले तेव्हा तो लुसेआनेजवळ आला. आवाज खाली गेला होता. "ती सेला... ती कोण होती? आहे का अजून?"

दुसरं पाकीट लुसेआनेच्या पिशवीत होतं.

"त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो," ती म्हणाली. "कचेरीत या."

तो आला. अर्ज करून गेला. महिन्याने बोटीने पुन्हा आला. "अजून नाही सापडलं," लुसेआने म्हणाली. पुढच्या महिन्यात परत आला तेव्हा कमरेची चटई जुनी होती आणि तो बाकावर सगळ्यात शेवटी, गुपचूप बसला. त्याच्या वेळी त्याने अर्जाबद्दल विचारलंच नाही. तिच्याकडे एकटक बघत राहिला.

"कपाळ सिओसाइआचं आहे," तो म्हणाला. "तू मेलेनाइतेची."

"लुसेआने. नाव आहे मला."

"तुला सापडलंय ना? आधीपासून?"

"हो."

"मग दे. म्हातारा माणूस आहे मी. किती पळवशील?"

"माझ्या आईला सात वर्षं पळवलंत. मी तर तीनच महिने पळवते आहे." मोआनाने टाइपरायटरवरून हात उचलले. लुसेआने तिच्याकडे बघितलंही नाही. "गावच्या चर्चमध्ये उभे राहा. रविवारी, सगळे असताना. जे वाचलं होतं ते खोटं होतं, जमिनीसाठी वाचलं होतं, असं तोंडाने सांगा. तिचं नाव यादीत परत लिहून घ्या. घंटा वाजवा. मग देते."

"लातूला गावात तोंड दाखवता येणार नाही."

"मला आलं होतं?"

तो गेला. दोन महिने आला नाही. मग गावच्या पाद्र्याचा निरोप आला, फिलिमोने येत्या रविवारी उभा राहणार आहे.

लुसेआने हाआपाईला जाऊन पहिल्या ओळीत बसली. फिलिमोने समोरचा बाक धरून उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. बोटीवरचा माणूस, कंदाच्या टोपल्या, अर्जावरचं नाव. मध्ये अडखळला तेव्हा लुसेआने म्हणाली, "मागे ऐकू येत नाही." त्याने ते वाक्य परत म्हटलं. बायका हुंदके देत होत्या. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या तोंडावर पदर घेतल्यासारखा पंखा धरून कुजबुजत होत्या. त्या काळी मेलेनाइतेविरुद्ध साक्ष देणाऱ्यांपैकी एकजण उठून बाहेर गेला. पाद्र्याने यादीत नाव लिहिलं, आणि घंटा वाजली. लुसेआने ठोके मोजत बसली, मधेच मोजणं विसरली.

बाहेर अंगणात तिने त्याला पाकीट दिलं. तो वाचू शकला नाही, चष्मा विसरला होता. म्हणाला, "तूच सांग."

"सेला. लग्न केलं नाही. दुसरं मूल नाही. निउआच्या वरच्या दफनभूमीत पुरली आहे." तिने तारखेवर बोट ठेवलं. "एकोणीसशे छप्पन्नमध्ये."

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "छप्पन्न? खलाशी होतो तेव्हा मी, बावन्नला निउआला होतो. जहाज आठ दिवस धक्क्याला होतं. चौपन्नला पण."

"माहीत आहे," लुसेआने म्हणाली. जहाजांची यादीही तिने बघून ठेवली होती.

फिलिमोने तिथेच वाळूत बसला. लातूने येऊन त्याला उठवलं आणि नेलं. जाताना लातू लुसेआनेला एवढंच म्हणाला, "पोट भरलं ना तुझं?" तिने खरं तेच सांगितलं, "अजून नाही."

जमीन लातूकडेच राहिली. इतक्या वर्षांनी दावा करता येत नव्हता, आणि केलाही नसता तिने. पुढच्या वर्षी फिलिमोने निउआला जाऊन आईच्या थडग्यावर पांढरी वाळू पसरून आला, असं तिच्या कानावर आलं. त्याला थडगं तरी सापडलं, याचाच तिला दोन दिवस राग येत राहिला.

तीन वर्षांनी फिलिमोने वारला. रीतीप्रमाणे पुतणीने मोठी फाटकी चटई अंगाला गुंडाळून, केस कापून, सुतकाचे दिवस संपेपर्यंत चुलीपाशी राबायचं असतं. लातूने बोटीचं तिकीट पाठवलं. मोआना म्हणाली, "जा गं. मेलेल्यावर कसला राग?"

"मेला असेल," लुसेआने म्हणाली. "माझं झालेलं नाही."

तिकीट तिने परत पाठवलं. दफनाच्या दिवशी ती रोजची छोटी, स्वच्छ चटई कमरेला बांधून कामावर आली. केस विंचरून वर घट्ट बांधले होते, कात्री लागलेली नव्हती, आणि रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक हाआपाईकराने ते पाहावं म्हणून ती त्या दिवशी बाजारातून लांबच्या वाटेने चालत आली.