कलत्या मानेची सशीण

ग्लेनिस पॅस्कोला ससा दत्तक हवा आहे, असं जनावरांच्या निवाऱ्यातल्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा ती माझी थट्टा करते आहे असंच मला वाटलं. मेलबर्नपासून दूर, आमच्या नराबूक गावात सशाचं नाव काढलं तरी शेतकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मसुराचे कोंब वर आले की ससे ते साफ करून जातात. आणि ग्लेनिस तर सापळे लावणाऱ्याची मुलगी. शाळेत जायच्या वयात तिने सशांच्या माना मोडल्या, कातडी सोलली. सत्तरी ओलांडली तरी कुणाच्या रानात बिळं झाली की बोलावणं तिलाच जायचं. या बाईला ससा हवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा पातेलं आलं.

मी इथे संसार करता करता म्हातारी झाले. सोडून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात बिनपगारी राबते आणि जनावर कुणाच्या घरी द्यायचं, कुणाच्या नाही, ते मी ठरवते. त्यामुळे ग्लेनिस माझ्यासमोर येऊन बसली.

"याआधी ससे पाळलेत का?" मी विचारलं. हे सगळ्यांनाच विचारावं लागतं.

"पाळले नाहीत. मारलेत."

"ग्लेनिस, मी इथे गंमत करायला बसलेली नाही."

"मग मी तरी कुठे गंमत करतेय? तू विचारलंस, मी सांगितलं."

तिला पांढरे, गुबगुबीत ससे दाखवले. त्यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती थांबली क्लेमंटाईनच्या पिंजऱ्यापाशी. या सशिणीची मान आजाराने कायमची कलली होती, एक डोळा छताकडे, दुसरा जमिनीकडे. दचकली की तोल जाऊन लोळत सुटायची. पुढचे दात वाकडे वाढायचे, ते डॉक्टरला कापावे लागायचे. सकाळ-संध्याकाळ औषध तोंडात पिचकारीने सोडायचं. लोक यायचे, "अरेरे, बिचारी," म्हणायचे आणि पांढरा ससा घेऊन जायचे. महिनाअखेरपर्यंत कुणी नेली नाही, तर तिला कायमचं झोपवायची सुई द्यायची असं डॉक्टर सांगून गेला होता.

"ही दे," ग्लेनिस म्हणाली.

"हीच का?"

ती पिंजऱ्यासमोर वाकली. मग म्हणाली, "माझ्या हातात आलेला ससा आजवर अर्ध्या मिनिटापुढे जगला नाही, विन. त्यापुढे काय होतं ते मला एकदा बघायचंय."

माझं नाव वृंदा. इथे सगळे विन म्हणतात. तिचं घर बघायला कधी यायचं ते मी लिहून घेतलं.

घर बघायला गेले तर चुलीवर सशाचा रस्सा रटरटत होता. माझं डोकंच फिरलं.

"अगं, लाज वाटते का? आज तरी?"

"रानातला आहे. तो खायचा. ती पाळायची," ती शांतपणे म्हणाली. "बस, वाढते तुला."

मी बसले नाही. तिथेच सरळ नाही म्हणून सांगायला हवं होतं, पण सुईचा दिवस जवळ आला होता आणि दुसरं कुणी येत नव्हतं. मी तोंड वाकडं करून क्लेमंटाईन दिली.

"एवढं लांब नाव? हाक मारून होईपर्यंत पळून जाईल," ग्लेनिस म्हणाली.

"पळेल कुठे? गोल फिरून परत तुझ्याच पायाशी."

पुढचे काही महिने मी अवाक होऊन बघत राहिले. ग्लेनिसने मागच्या व्हरांड्याला बारीक जाळी ठोकून घेतली, कारण माश्या आणि डास सशांचे रोग आणतात. लोळली तरी लागू नये म्हणून चारी बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. सुरुवातीला औषध निम्मं सांडायचं, शिव्या घालत पुसायची आणि पुन्हा भरायची. उन्हाळा सरत आला तेव्हा क्लेम तिच्या मनगटावर आपली वाकडी मान टेकून झोपायला लागली होती. ती जागी होईपर्यंत ग्लेनिस हात हलवायची नाही. चहा गार झाला तरी.

मग शेतकरी मंडळाची सभा आली. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी सगळे शेतकरी मिळून सशांच्या रोगाचे विषाणू गाजराच्या तुकड्यांत कालवून रानात टाकतात. पुढचं काम माश्या करतात. ससे पटापट मरतात. पाळलेल्यांना लस असते, पण क्लेमचं औषध चालू असेपर्यंत लस द्यायला डॉक्टर तयार नव्हता. एक माशी जाळीतून आत गेली असती तरी क्लेम संपली असती.

"ग्लेन, गाजरं नेहमीप्रमाणे तूच कालवशील ना?" लिंडसे कूकलने विचारलं. त्याचं शेत तिच्या शेताला लागून आहे.

"यंदा नाही. आणि तुम्हीही टाकायची नाहीत. घरी ससा आहे."

सभागृहात हशा पिकला. ती हसत नाही हे लक्षात आल्यावर हळूहळू सगळे गप्प झाले.

"एका वाकड्या सशापायी आम्ही मसूर सोडायचा?" लिंडसे म्हणाला.

"तुझ्या मसुरात येतात ते माझ्या टेकाडातून. ते टेकाड मी हाताने साफ करते. पेरणीला एक जरी ससा दिसला, तर टाका खुशाल."

"या वयात? एकटी?"

"तुझ्या बापाला फावडं धरायला मीच शिकवलं होतं, लिंडसे."

पेरणीपर्यंत थांबायचं ठरवून सभा उठली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, क्लेमला मेलबर्नला माझ्या ओळखीच्या बाईकडे पाठवू. ती म्हणाली, "दात कापायला दवाखान्यात नेलं, तेवढ्यातच गाडीत लोळून लोळून डोळा खरचटला होता. मेलबर्नपर्यंत जिवंत पोचेल का?" मी मेलबर्नचा विषय सोडला. पण टेकाड हाताने साफ करणं म्हणजे काय, ते तिथे जाईपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी गेले. टेकाडावर बिळांच्या तोंडांना जाळ्या लावलेल्या. ग्लेनिस मुंगसासारखं लांबुडकं फेरेट एका भोकात सोडायची, की दुसरीकडून ससे जिवाच्या आकांताने बाहेर यायचे आणि जाळीत अडकायचे. ती वाकायची, कट् असा आवाज यायचा आणि ससा रांगेत जायचा. रांग टेकाडाच्या पलीकडे गेली होती. मग ती फावड्याने बीळ उकरायची. त्यातून डोळे न उघडलेली पिल्लं निघाली. तीही रांगेत गेली. मी मातीतच बसले.

"ग्लेनिस, बास कर."

"बास म्हणून कसं चालेल? एक जोडी राहिली तरी तो गाजरं आणेल."

"अगं, हे पण ससेच आहेत ना?"

"हो, ससेच आहेत." तिने घाम पुसला. "ती क्लेम आहे."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दु:ख नव्हतं, काही सिद्ध करायची धडपडही नव्हती. मला तिची भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली म्हणून घरी आलो. तिने कोपरापर्यंत हात साबणाने घासले, नखं घासली, पुन्हा घासले, कपडे बदलले. पिचकारी भरून व्हरांड्यात गेली आणि नेहमीसारखी क्लेमशेजारी बसली.

क्लेमचं नाक फडफडलं. मग तिने मागचा पाय जमिनीवर आपटला. तेवढ्या धक्क्याने तोल जाऊन ती लोळली, टॉवेलवर आदळली, धडपडत उठली आणि पुन्हा पाय आपटला. पुन्हा लोळली. ग्लेनिसने हात पुढे केला तसा तिने तिसऱ्यांदा आपटला.

मी निवाऱ्यात शेकडो ससे हाताळले आहेत, पण तो आवाज ग्लेनिसइतका दुसऱ्या कुणी ऐकला नसेल. जन्मभर ती बिळांच्या तोंडाशी कान लावून तो ऐकत आली होती. माणूस आला, पळा, असं ससे एकमेकांना सांगतात तो हा आवाज. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने पिचकारी माझ्या हातात दिली. "तू दे. तिला कळलंय."

ती जाळीबाहेर गेल्यावर क्लेमने माझ्याकडून औषध घेतलं. माझ्या तळव्याखाली तिचं काळीज धडधडत होतं.

"वास जाईल गं," मी म्हटलं. "चार दिवस टेकाडावर जाऊ नकोस."

"पेरणी तोंडावर आलीय. पलीकडच्या अंगाची सगळी बिळं अजून तशीच आहेत." ती जाळीपलीकडून क्लेमकडे बघत होती. "लस होईपर्यंत रोज येशील, विन? दोन्ही वेळा? मी आत येत नाही."

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. तिने व्हरांड्याच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि फेरेटला खायला घालायला गेली.