कारणाचा रकाना

विमान पडून दोनच दिवस झाले होते. का पडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी कसबा पेठेतल्या आमच्या नेहमीच्या अमृततुल्यात निकाल लागूनही गेला होता.

"पायलटचीच चूक," कारखान्यातले माझे एक जुने सहकारी बशीत चहा ओतत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, दोघंही पायलट गेले. चौकशी अजून व्हायचीय. पुरावा आहे का काही तुमच्याकडे?" मी इतक्या जोरात बोललो की चहावाल्यानेही वळून पाहिलं.

ते शांतपणे म्हणाले, "आपल्या क्रेनच्या वेळी तुम्हाला कुठे लागला होता पुरावा?"

क्रेन कोसळून तिचा ऑपरेटर गेला, तेव्हा अहवाल मीच लिहिला होता. कारण काही केल्या सापडेना. पण कारणाचा रकाना रिकामा ठेवला की साहेब फाइल परत पाठवायचे. मग मी त्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहून मोकळा झालो. हरकत घ्यायला तो नव्हताच.

चहा तसाच टाकून मी उठलो. घर येईपर्यंत त्या ऑपरेटरचं नाव आठवायचा प्रयत्न करत राहिलो. डोळ्यांसमोर येत होतं ते फक्त माझं वळणदार अक्षर.