कडेचं प्यादं

मंडळी, आज शहापूरच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरलो. हरल्याचं काही नाही, पण ज्या चालीने हरलो ती मनातून जात नाहीये.

समोर मुरबाडचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच चालीला हत्तीपुढचं, अगदी कडेचं प्यादं दोन घरं सरकवलं. मला हसू आलं. असं नवशिके खेळतात, हे आपण धरूनच चालतो ना.

ते प्यादं पुढे येत राहिलं. मी माझा राजा नेमका त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवलेला. प्याद्यामागून हत्ती आला आणि डाव संपला.

"तुमी त्या प्याद्याकडं बघितलंच नाय," ते शांतपणे म्हणाले.

लग्नानंतर मी बायकोला बुद्धिबळ शिकवलं होतं. ती दरवेळी हीच चाल खेळायची. मी म्हणायचो, मधलं प्यादं आधी. त्यावर एकदा ती म्हणाली, "भाताच्या आवणीला रोपं लावताना आमी बांधाकडनंच सुरू करतो. एकदम मधी कोण उतरतं?"

भातसानगरच्या कॉलनीतल्या मित्रांना हे मी तिच्यासमोरच विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. त्यानंतर ती पटावर बसली नाही. मीही कधी विचारलं नाही.

आज घरी येऊन म्हटलं, "चल, एक डाव खेळू."

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आता कशाला? घोडा कसा चालतो तेपण इसरले मी."

पट मांडून ठेवलाय. तिच्या बाजूचं कडेचं प्यादं मीच दोन घरं पुढे केलंय. ज्याला आपणच हसून उठवलं, त्याला परत डावावर कसं बोलवायचं, कुणी सांगाल का?