चवळीचं वाटण

वसतिगृहात मैत्रीण शिजवलेले चणे आणि लसूण मिक्सरमध्ये फिरवते, तेव्हा त्या वासासरशी मला देवगडजवळचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मला कॉलेजला जायचं होतं आणि ओटीवर मला बघायला पाहुणे बसले होते. घावण्यांबरोबर द्यायला मी शिजलेली चवळी, खोबरं आणि लसूण पाट्यावर वाटत होते. बाहेर जायला दार एकच, तेही ओटीवर उघडणारं.

"आये, लोण्यासारखा झाला," मी म्हटलं.

"खंय झाला? कण लागतत. वाट."

मला बाहेर न्यायला काकी दारात आली. "वयनी, चेडवाक भायर धाड गो! पावण्यांची शेवटची एसटी चुकतली."

"वाटाप अर्ध्यार सोडून ती उठाची नाय," आई म्हणाली.

माझे खांदे भरून आले, डोळेही. आईनेच मला कोंडलंय, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, वडिलांनी बोलावलेल्या पाहुण्यांना तिला उघड 'नको' म्हणता येत नसावं.

पाहुणे रागावून, मला न बघताच निघाले. एसटी वळणाआड गेल्यावर आईने वाटण बोटावर घेऊन चाखलं.

"झाला," ती म्हणाली. "ऊठ आता."