खड्डा बघायला माघारी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी कास्टिंग तपासायला आहे. एकच नग मी सहा-सहा वेळा मापाच्या गेजला लावून बघतो, म्हणून साहेबांनी मला सगळ्यांपुढं शाबासकी दिलती. आता बोला! ज्या दुखण्यानं मी मरायला टेकलो होतो, त्याचं कंपनीत कौतुक.

दुखणं असं. रोज कंपनी सुटली की मी मोटरसायकलवरून गुंजीकडं, आमच्या गावाकडं निघतो. चाक खड्ड्यात आदळलं की डोक्यात यायचं, हा खड्डा नव्हता, माणूस होता. मग गाडी वळवून मागं जायचं. खड्डाच असायचा. पुन्हा निघालो की वाटायचं, गटारीत बघितलंच न्हाय की. पुन्हा माघारी. आणि आमच्या रस्त्याला खड्ड्यांची काय कमी! तासाभराची वाट तीन तासांची झाली. एकदा एका म्हाताऱ्यानं हात जोडून मला विचारलं, साहेब, हा कधी भरणार? त्याला मी रस्तेखात्याचा माणूस वाटलो. बघतो, म्हणालो आणि सटकलो.

गावानं आपला निकाल कधीच लावलता, ह्याची वाटेत कुठंतरी बाई आहे. आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, ते माझ्या बायकोच्या कानावर घातलं. माझं हे तोंड बघूनही लोकांना असं वाटावं, याचा मला खरं तर थोडा अभिमानच वाटला. पण आतून मी पार मोडलो होतो. खून करून पळालेल्या माणसासारखा रोज जगत होतो, आणि खून तर झालाच नव्हता. आपण नसलो तर हे सगळं थांबेल, असं आधी कधीमधी वाटायचं, मग रोजच वाटायला लागलं. सांगणार कुणाला? खड्ड्यांपायी जीव नकोसा झालाय म्हणून? लोक हसले असते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

एका शनिवारी बायको कंपनीच्या गेटवर येऊन उभी. बाजाराला आलते, आता तुमच्याबरोबरच येते, म्हणाली. बाई धरायला आलीय हे मी ओळखलं. खानापूरच्या अलीकडं चाक आदळलं. मी लई दम धरला आणि शेवटी गाडी वळवलीच. मागं ती ताठ झाली. तिला वाटलं, आलं त्या बाईचं घर. मी उतरलो आणि गटारीत वाकून बघायला लागलो. चौथ्या खेपेला तीही खाली उतरली. मग रस्त्याकडेलाच मी तिला सगळं सांगून टाकलं.

"बाई असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मग सरळच विचारलं, "जीव द्यायचं डोक्यात येतंय व्हय?"

"व्हय," म्हणालो आणि रडलो. हेल्मेट काढायचंसुद्धा सुचलं नाही.

सोमवारी तिनंच मला बेळगावात डॉक्टरांकडं नेलं. त्यांनीही आधी तेच विचारलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मला जरा हलकं वाटलं. ह्या आजाराला ओसीडी म्हणतात, त्यात मरणाचे विचार येऊ शकतात, ते लपवायचे नाहीत, औषध आहे, असं त्यांनी समजावलं. उपचार मात्र छळाचा. चाक आदळलं तरी माघारी फिरायचं नाही. आणि कुणी पडलं न्हाय ना, असं मी विचारलं तर बायकोनं उत्तर द्यायचं नाही. तिला हे भलतंच आवडलं.

मी मात्र तिला खरं उत्तर द्यायचं, असं आमचं ठरलंय. रोज जेवताना ती विचारते, आज जीव द्यायचं डोक्यात आलतं का? बहुतेक दिवशी मी न्हाय म्हणतो. परवा म्हणालो, "आज आलतं."

वाढायची भाकरी तिच्या हातातच राहिली. मग ती माझ्या ताटात ठेवून म्हणाली, "जेवा. उद्या सुट्टी टाका, दोघं दवाखान्याला जाऊ. मला तुम्ही पायजे."

लग्नाला चौदा वर्षं झाली, असलं काही ती कधी बोलली नव्हती. मी जेवलो आणि सकाळी दोघं गेलो.