शेकोटीवरची आई

ब्रिजिदा दगडफोड्याची बायको. नवरा डोंगरावरच्या खाणीत राबायचा आणि ही खाली फ्लोरेन्सात, लोकरीचे व्यापारी ताद्देओ यांच्या घरी, त्यांच्या नातीला अंगावर पाजायची. स्वतःचं पोर गावी जावेकडे, बकरीच्या दुधावर. तिने कधी तक्रार केली नाही. करणार कुणाकडे?

कोस्तान्झा त्या घरची सून. लग्न झालं तसा नवऱ्याने हौसेने तिचा संगमरवरी अर्धपुतळा घडवून घेतला आणि बैठकीत भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर मांडला. मान ताठ, पापण्या खाली, ओठ मिटलेले. पुढे पिप्पा झाली. ती दूध सोडून पावलं टाकू लागली तोच बाप तापाने गेला.

कोस्तान्झाचे काळे कपडे अजून नवे होते, तेवढ्यात तिचे भाऊ दारात उभे. तिथली रीतच तशी. विधवा तरुण असली की तिला हुंड्यासकट माहेरी न्यायची आणि दुसरीकडे उजवायची. पोर मात्र बापाच्या घराण्याचं.

थोरला भाऊ म्हणाला, "हुंड्याची पेटी आमची, कपडे आमचे. पुतळाही आमच्याच बहिणीचा."

"तोंड तुमच्या बहिणीचं असेल, दगड माझ्या पैशाचा आहे," ताद्देओ म्हणाले.

"मग काय, म्हातारपणी सुनेचं तोंड बघत बसणार?"

"बसेन. ही तरी भावांनी बोलावलं म्हणून उठून जात नाही."

दगडावरून दोन्ही घराणी हमरीतुमरीवर आली. दूध सुटल्यावरही सांभाळायला ठेवलेल्या ब्रिजिदाच्या कडेवर पिप्पा अंगठा चोखत होती. तिच्यासाठी कुणी एक शब्द खर्च केला नाही. पुतळा राहिला, बाई गेली. जाताना कोस्तान्झाने ब्रिजिदाचं मनगट घट्ट धरलं.

"तिला माझा विसर पडू देऊ नकोस."

"नाही पडू देणार, बाई."

दिला शब्द ब्रिजिदाने पाळला. रोज दिवेलागणीला पोरीला उंच धरायची. "आईला सांग, झोपते म्हणून." पिप्पा पुतळ्याच्या गालाला गाल लावायची. थंडीत खाली शेकोटी पेटलेली असली की दगड छान कोमट लागायचा. पोरगी तिथून हलायला तयार नसे.

स्वयंपाकीण म्हणायची, "बरी आई आहे. मारत नाही, ओरडत नाही."

"तू तुझ्या रश्श्यातलं मीठ बघ."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कोस्तान्झाचा चोरून निरोप आला. तिचं दुसरं लग्न झालं होतं. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चमधल्या शेवटच्या खांबाआड, घटकाभर, पोरीला घेऊन ये.

ब्रिजिदा गेली. कोस्तान्झा आधीच येऊन थांबली होती, पोट पुढे आलेलं. अवघडून खाली बसली आणि तिने पिप्पाचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. पोरीने झटकन मान सोडवून घेतली.

"आई आहे बाळा," ब्रिजिदा म्हणाली.

"नाही. आई घरी आहे. ही गार आहे."

कोस्तान्झाने वर पाहिलं. "काय शिकवलंस हिला?"

"तुम्ही सांगितलंत तेच, बाई."

कोस्तान्झाने हातांवर फुंकर घातली, तळवे एकमेकांवर घासले, पुन्हा घासले. पिप्पा ब्रिजिदाच्या घागऱ्यामागे गेली. तळवे घासणं चालूच होतं, तेवढ्यात नव्या घरची मोलकरीण खांबाजवळ आली.

"चला बाईसाहेब. मालक वाट बघताहेत."