आईंची कल्चर प्लेट

रिपोर्ट चुकलाय, असं मी डॉक्टरांना फोनवर ठामपणे सांगितलं. रिपोर्ट आमच्याच लॅबचा होता आणि पेशंट माझ्या सासूबाई.

तुर्भ्याच्या एका खासगी लॅबमध्ये बावीस वर्षं मी कल्चरचं काम करते. कुणाची लघवी, कुणाचं रक्त, कुणाच्या जखमेतला पू. त्यात कोणता जंतू वाढतोय ते बघायचं, मग तो प्लेटवर पसरायचा आणि वर औषधांच्या बारीक कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. चालत नसेल तर जंतू थेट टिकलीला खेटून वाढतात. आईंच्या रिपोर्टात फक्त एका इंजेक्शनच्या टिकलीभोवती गोल होता. गोळ्या सगळ्या बाद.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना असाच लघवीचा त्रास झाला होता, तेव्हा चांगली तीन-चार औषधं चालत होती. आठ महिन्यांत एवढा फरक? मला पटेना. जंतूंची घाई मला माहीत नाही असं नाही. आईंच्या लघवीत सापडलेला हा पोटातला जंतू प्लेटवर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, आणि टीबीचा जंतू तेवढ्याच कामाला जवळजवळ अख्खा दिवस घेतो. त्याची प्लेट आम्ही आठवडेच्या आठवडे सांभाळत बसतो. पण प्लेटवर आयतं खायला मिळतं. माणसाच्या अंगात, नाल्यात, खाडीच्या चिखलात त्यांना उपाशी राहावं लागतं, तिथे ते रखडत वाढतात. मग बदलतीलही रखडतच, असा माझा हिशोब. हा हिशोब मी इतक्या जणांना ऐकवला होता, की माझा मलाच तो खरा वाटायला लागला होता.

म्हणजे सँपल बदललं गेलं. कोणी बदललं? प्लेट लावली होती नव्या मुलीने. सहा महिन्यांपूर्वी आलेली, काम करताना गुणगुणणारी. मला गुणगुणणारी माणसं आवडत नाहीत. त्यांचं लक्ष कुठे असतं देव जाणे.

"मॅडम, मी नंबर दोनदा बघितला होता," ती म्हणाली.

"दोनदा का बघितलास? पहिल्यांदा शंका आली होती वाटतं?"

ती पुढची प्लेट उचलून कामाला लागली. उत्तर टाळलं म्हणून माझा संशय आणखी वाढला. माझं डोकं हे असं चालतं, काय करणार!

डॉक्टर आमच्या ओळखीचे, माझ्या शब्दाला मान देणारे. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर दुसरा रिपोर्ट येईपर्यंत गोळ्याच चालू ठेवू. पण ताप चढला, पाठीत दुखायला लागलं तर थांबू नका. किडनीपर्यंत गेलं तर ॲडमिट करावं लागेल." मी बरं म्हटलं.

आमचं घर पावण्याला, गावठाणात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः संडासाच्या दाराबाहेर डबी घेऊन उभी राहिले. स्वतः नाव लिहिलं, झाकण आवळलं, बर्फाच्या पिशवीत घालून रिक्षाने लॅबला नेलं. ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा पिशवी मांडीवर धरून बसले. त्या मुलीला मी डबीला हातसुद्धा लावू दिला नाही. प्लेट मीच लावली आणि कोपऱ्यात माझी सही ठोकली.

जंतू वाढायला एक दिवस, टिकल्यांना दुसरा. ते दोन दिवस मी कोणालाही सोडलं नाही. नाक्यावरच्या केमिस्टकडे गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून तारीख वाचली. तो वैतागून म्हणाला, "ताई, माझ्यावर पण डाउट?" जाऊबाई आईंना गोळी देतात की विसरतात, म्हणून मी पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या. बरोबर होत्या. म्हटलं, गोळी काढून टाकून दिली असेल. आईंना तोंड उघडून जीभ वर करायला लावली. त्या बिचाऱ्यांनी केलीही.

दोन दिवस पुरे होत आले त्या दुपारी जाऊबाईंचा फोन आला, ताप उतरत नाहीये, पाठ धरून बसल्यात. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येतोय, थोडं थांबा. घरी गेले तर आई भिंतीकडे तोंड करून कुडकुडत होत्या. "बाय, थंडी लय वाजते गो. अजून एक गोधडी हाय का?" मी गोधडी घातली. पण माझ्या पिशवीत तो रिपोर्ट होता, आणि तो शब्दशः पहिल्यासारखाच होता.

घरी निघण्याआधी मी लॅबमध्ये टिकल्यांवरसुद्धा संशय घेतला होता. आमच्याकडे तपासणीसाठी एक साधा जंतू पाळलेला असतो, ज्याच्यावर सगळी औषधं चालतात. त्याच्या प्लेटवर गोल अगदी सुरेख आले होते. आता संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा त्या मुलीने चार कागद माझ्या टेबलावर ठेवले. आईंचे चार वर्षांतले रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. पहिल्यात जवळजवळ सगळी औषधं चालत होती. पुढच्या प्रत्येक कागदावर दोन-तीन कमी.

"आठ महिन्यांत नाही झालंय, मॅडम. दर वेळी थोडं थोडं झालंय."

"हे तू तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

ती उद्धटपणे बोलली नाही. खरंच विचारत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रागाने मी ते चारही कागद उलटे करून ठेवले. पुन्हा वाचायची गरजच नव्हती. मधल्या काळात घरात काय घडत होतं, ते मला पाठ होतं.

त्याच संध्याकाळी आईंना ॲडमिट केलं. इन्फेक्शन किडनीत पोचलं होतं. इंजेक्शन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. किडनी किती सुधारेल हे पुढे कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी आई उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवर द्रोणागिरीच्या गोदामात पॅकिंग करणारी एक बाई होती. तिला घरी सोडत होते, हातात गोळ्यांची पाकिटं होती. आई तिला कौतुकाने सांगत होत्या, "ही माजी सून. लॅबमंदी हाय. आमच्याकडं दागदर नाय लागत. जलजल चालू झाली का हीच गोली आनते. हिला इचार, कवा बंद करायची ती."

बाईने पाकीट माझ्यापुढे धरलं. "ताई, सात दिवसांच्या दिल्यात. बरं वाटलं की सोडू का?"

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दिल्यात तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. एकही मागे ठेवायची नाही. अर्धवट सोडलं की जे चिवट असतात तेच उरतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना लागत नाही."

बाईने मान हलवली आणि पाकीट पदरात बांधलं. आई माझ्याकडे बघत राहिल्या. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"मंग मना कशाला दर टायमाला सांगलंस," त्या हळूच म्हणाल्या, "बरा वाटला का बंद कर म्हनून?"